कानशीचा पहिला महिना : कार्यशाळेत मुले नेमके काय शिकतात?

दहावीचा निकाल लागला की आमच्या खानदेशात चोपड्यापासून साक्रीपर्यंत पारावर, एसटीत आणि लग्नाच्या मांडवात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "मना पोऱ्या दहावी पास व्हयना, आते त्याले कोठे टाकू?" (माझा मुलगा दहावी पास झाला, आता त्याला कुठे टाकू?) या प्रश्नातले क्रियापद लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. ऐंशी टक्के मिळवणारा मुलगा सायन्सला 'जातो' आणि पंचेचाळीस टक्क्यांवर अडकलेला मुलगा आयटीआयला 'टाकला' जातो. टाकणाऱ्याला आयटीआयच्या शेडमध्ये दिवसभर काय चालते याची बहुधा कल्पना नसते. तिथे हाताने काम करायला शिकवतात, एवढ्यावर त्याची माहिती संपते. ही माहिती अर्धीच आहे. उरलेला अर्धा भाग गाडी, लाकूड आणि लोखंड या तीन कामांच्या आधारे इथे समजावून सांगत आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत जोडारी, कातारी, संधाता, यांत्रिक मोटारगाडी असे शब्द छापलेले असतात. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, म्हणजेच लेथ (लोखंड फिरवत ठेवून कापणारे यंत्र) चालवणारा, आणि संधाता म्हणजे वेल्डर. 'संधाता' अशी हाक मारल्यावर ओ देणारा वेल्डर मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे या लेखात शेडमध्ये बोलले जाणारे शब्दच वापरतो.

या कामांकडे जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक आहेत आणि पालक त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिली वाट शाळेतूनच जाते. राज्यात काही शाळांमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना तांत्रिक विषय घेता येतो आणि त्यासाठी आठवड्यातले काही तास कार्यशाळेत जातात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि आठवड्यातून एक दिवस मुलांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती अशी खरी कामे करावीत असा अभ्यासक्रम बसवला. राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली आणि पुढे तो इतर शाळांतही गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे जावे असे सुचवले आहे. या सगळ्याचा हेतू मुलाला हत्याराची ओळख व्हावी एवढाच आहे. त्यातून कोणी कारागीर होत नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये.

दुसरी वाट आयटीआयची. केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली आणि आजचे आयटीआय तिच्यातूनच उभे राहिले. प्रवेशासाठी किमान वय चौदा वर्षे लागते. फिटर, टर्नर, मोटर मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड दहावी पास मुलांसाठी आहेत, तर वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा असून त्याला आठवी पास मुलगाही पात्र ठरतो. शेवटच्या परीक्षेनंतर मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते. तिसरी वाट शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे ॲप्रेंटिसशिपची. ती १९६१ च्या कायद्याने चालते आणि तीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चौथी वाट सर्वांत जुनी, ती म्हणजे गॅरेजमधल्या उस्तादाच्या हाताखालची. तिच्याबाबत कायदा स्पष्ट आहे : २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोकादायक कामाला लावता येत नाही. शिकवण्याच्या नावाखाली दहा-बारा वर्षांच्या पोराकडून पाने-पाना धुऊन घेणारी गॅरेजे अजूनही दिसतात, हे लाजिरवाणे आहे.

आता खरा विषय. फिटरच्या ट्रेडला आलेल्या मुलाच्या हातात सुरुवातीच्या दिवसांत मशीन येत नाही, कानस येते. सौम्य पोलादाचा, म्हणजे एमएसचा, तळहातावर मावेल एवढा तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या लोखंडी पकडीत, धरायचा आणि त्याची एक बाजू सपाट करायची, एवढेच सांगितलेले असते. मुलाला वाटते, दुपारपर्यंत आटोपेल. आठवडा उलटला तरी तो तुकडा सपाट झालेला नसतो. घरी गेल्यावर बाप विचारतो, काय शिकवले? मुलगा सांगतो, घासायला. बापाला वाटते, फी पाण्यात गेली.

तो तुकडा सपाट का होत नाही, ते पाहू. कानस पुढे ढकलताना तिचे एक टोक डाव्या हाताखाली आणि मूठ उजव्या हातात असते. घाव सुरू होतो तेव्हा कानशीचा बहुतेक भाग मुठीच्या बाजूला असतो, म्हणून तेव्हा डाव्या हाताचा दाब जास्त हवा. घाव संपतो तेव्हा परिस्थिती उलटते, म्हणून तेव्हा उजव्या हाताचा दाब जास्त हवा. मधल्या प्रवासात हा दाब एका हाताकडून दुसऱ्याकडे हळूहळू सरकवावा लागतो. तराजूच्या दांडीचा हाच नियम विज्ञानाच्या पुस्तकात तरफ म्हणून शिकवलेला असतो. दोन्ही हातांचा दाब सारखाच ठेवला तर कानस झोपाळ्यासारखी डुलते आणि तुकडा मध्ये उंच व कडांना उतरता होतो. शिवाय कानशीचे दात फक्त पुढे जाताना कापतात, त्यामुळे मागे आणताना दाब काढून घ्यावा लागतो. नाहीतर दात बोथट होतात आणि काम काही होत नाही.

हे सगळे शब्दांत सांगितले तर पाच मिनिटांत संपते, हाताला कळायला मात्र महिना लागतो. पण त्या महिन्यात आणखी एक गोष्ट घडते आणि माझ्या मते तीच कार्यशाळेची खरी विद्या आहे. मुलगा तुकडा घेऊन निदेशकांकडे जातो आणि म्हणतो, "सर, झाला." सर काही बोलत नाहीत. ते गुण्याची, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराची, पोलादी धार तुकड्यावर ठेवतात, दोन्ही खिडकीकडे धरतात आणि मुलाला पाहायला सांगतात. धार आणि तुकडा यांच्यामधून प्रकाशाची बारीक रेघ दिसते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असली तरी ती रेघ दिसते. दुसऱ्या दिवसापासून मुलगा सरांकडे जाण्याआधी स्वतःच खिडकीशी जाऊन उभा राहतो. आपली चूक दुसऱ्याने दाखवण्याआधी आपणच मोजून काढायची, ही सवय त्याला लागलेली असते.

यापुढचा धडा त्याहून अवघड आहे. ड्रॉइंगवर लिहिलेले असते : ५० मिमी, अधिक-उणे ०.१. शाळेच्या गणितात पन्नास म्हणजे पन्नासच असते. लोखंडात नेमका पन्नासचा तुकडा आजवर कोणीही बनवलेला नाही आणि पुढेही बनवणार नाही. व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ वाचता येतो, मायक्रोमीटरवर शंभरावा भाग वाचता येतो, आणि माप जितके बारीक घ्याल तितकी चूक अधिक दिसते. म्हणून ड्रॉइंग काढणारा आधीच ठरवून देतो की ४९.९ पासून ५०.१ पर्यंत सगळे चालेल. या सवलतीला टॉलरन्स म्हणतात. कुठे ढिलाई द्यायची आणि कुठे अजिबात द्यायची नाही हे ज्याला कळते, तो कारागीर. अंगणातल्या गेटच्या बिजागरीला अर्धा मिलिमीटर सैल चालतो, पण बेअरिंगच्या खाली शाफ्ट त्याच्या दहाव्या भागानेही सैल असला तर चालत नाही.

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात हे रोज दिसते. विहिरीवरच्या मोटरचे बेअरिंग शाफ्टवर सैल झाले की अनेक ठिकाणी शाफ्टवर पंच नावाच्या टोकदार हत्याराने ठिपके मारतात. ठिपक्याभोवतीचा धातू थोडा वर उठतो, शाफ्ट 'फुगतो' आणि बेअरिंग ठोकून घट्ट बसते. शेतकऱ्याचे पाणी त्याच दिवशी सुरू होते, याचे श्रेय कारागिराला द्यायलाच हवे. पण ते बेअरिंग आता काही मोजक्या टोकांवरच टेकलेले असते. ती टोके घासली की ते पुन्हा सैल होते आणि मोटर पुन्हा दुकानात येते. मायक्रोमीटर लावणारा माणूस शाफ्ट किती झिजला ते आधी पाहतो, गरज असेल तर त्यावर वेल्डिंगचा थर चढवून लेथवर तो मूळ मापाला उतरवतो. पहिला उपाय गॅरेज शिकवते, दुसरा कार्यशाळा शिकवते. मे महिन्यात केळी वाळत असताना पहिलाच उपाय शहाणपणाचा ठरू शकतो, मात्र दुसरा माहीत असूनही पहिला निवडणे वेगळे आणि दुसरा माहीतच नसणे वेगळे.

लाकडाचे काम याच विचाराला एक नवी अडचण जोडते : लाकूड स्वतःच माप बदलते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते; श्रावणात तीच हवा ओलीचिंब होते. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि तो सोडून आकसते. ते रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ फुगत नाही. कारण लाकडाचे तंतू उभ्या नळ्यांसारखे असतात आणि पाणी शोषल्यावर नळी जाड होते, लांब होत नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते ते बाजूने अडकते, यामागचे मोठे कारण हेच.

जुन्या वाड्यांचे दार पाहिले तर त्यात उभ्या-आडव्या पट्ट्यांची एक चौकट असते आणि मधल्या फळ्या तिच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असतात. त्या चिकटवलेल्या नसतात, ठोकलेल्याही नसतात. त्या फळ्यांना वर्षभर फुगायला आणि आकसायला मोकळीक हवी, म्हणून जुन्या सुतारांनी ही सोय केली. चौकटीचे सांधे मात्र पक्के असतात : एका पट्टीला कुसू, दुसरीला त्याच मापाचे भोक, आणि आरपार लाकडी खुंटी. कार्यशाळेत मुलगा पहिल्यांदा असे पॅनेल करतो तेव्हा ते मजबूत व्हावे म्हणून खाचेत भरपूर गोंद घालतो. पुढच्या उन्हाळ्यात ती फळी मधोमध तडकते. अशी एक तडकलेली फळी निदेशकांनी भिंतीवर टांगून ठेवलेली मी पाहिली आहे, आणि त्याहून चांगला तक्ता मी कोणत्याही वर्गात पाहिलेला नाही.

लाकूड आणि लोखंड एकत्र येतात ते बैलगाडीच्या चाकात. आता बहुतेक गाड्यांना रबरी टायर आले, पण लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे ते विसरणार नाहीत. सुतार तुंबा, आरे आणि बाहेरची लाकडी कड जुळवून चाक तयार करतो. लोहार धाव जाणूनबुजून चाकापेक्षा थोडी लहान करतो. मग गोवऱ्यांच्या जाळात ती धाव लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा फूत्कार होतो, लाकूड करकरते आणि सगळे सांधे एकमेकांत दाबले जातात. हिशेब सोपा आहे. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश तापल्यावर मिलिमीटरच्या साधारण हजारातल्या बारा भागांनी वाढतो. चार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापवली तर ४ गुणिले ०.०१२ गुणिले ५००, म्हणजे २४ मिमी वाढ मिळते. सुमारे एक इंच. लोहार हा गुणाकार करत नव्हता, पण धाव किती लहान ठेवायची हे त्याला ठाऊक होते. जास्त लहान ठेवली तर चाक पिचते आणि कमी लहान ठेवली तर उन्हाळ्यात धाव निसटते. रेल्वेच्या चाकावरचा टायर किंवा इंजिनमधली एखादी रिंग आजही याच युक्तीने बसवतात. तिला श्रिंक फिट म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ही विद्या शतकानुशतके जातीच्या घरात बंद होती. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा मुलगा लोहार, आणि बाहेरच्याला ऐरणीजवळ फिरकू द्यायचे नाही अशी रीत होती. आयटीआयने हे कुलूप उघडले. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरा आदिवासी मुलगा, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली मुलगी आणि अमळनेरच्या शेतकऱ्याचा मुलगा एकाच व्हाइसच्या रांगेत उभे राहतात, हे सामाजिकदृष्ट्या लहान काम नाही. मुलींसाठी जागा राखीव असतात, तरी फिटर-वेल्डरच्या तुकड्यांत त्या अजून मोजक्याच दिसतात. घरच्यांची भीती 'लोखंड उचलणे जमेल का' अशी असते. अवजड लोखंड हल्ली क्रेन आणि चेनपुली उचलते. वेल्डिंगच्या बारीक टाक्याला स्थिर हात लागतो, आणि त्याचा मनगटाच्या जाडीशी संबंध नाही.

वेल्डिंगबद्दल थोडे. रॉडचे टोक आणि जॉब, म्हणजे ज्यावर काम चालले आहे तो तुकडा, यांच्यातल्या बारीक फटीतून वीज उडी मारते, तिथे काही हजार अंश तापमान होते आणि साधारण पंधराशे अंशांना वितळणारे पोलाद क्षणात पातळ होते. रॉडवरचा पांढरट लेप जळून धूर आणि मळी तयार करतो. धूर हवेला दूर ठेवतो आणि मळी गरम टाक्यावर पांघरुणासारखी बसते, नाहीतर हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन वितळलेल्या धातूत शिरून टाका ठिसूळ करतात. नवशिक्याचा टाका वरून छान आणि आतून पोकळ असतो, म्हणून शिकवताना तो हातोड्याने मोडून आतून पाहतात. दुसरी अडचण वाकण्याची. थंड होताना टाका आकसतो आणि लोखंडाला आपल्याकडे ओढतो. गेटच्या एकाच बाजूने सलग टाके मारत गेलात तर संध्याकाळपर्यंत गेट धनुष्य होते. त्यासाठी आधी चारही कोपऱ्यांना बारीक टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारायचे, कोनमाप पाहायचे आणि मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजूंनी पुढे जायचे.

डोळ्यांची गोष्ट मात्र सविस्तर सांगतो, कारण ती मी स्वतः भोगली आहे. शिकाऊ असताना एका वर्कशॉपमध्ये घाईचे काम होते, डोळ्यांसमोर धरायची काळी काच एकच होती आणि ती वेल्डरकडे होती. मी पट्टी धरून उभा होतो आणि तोंड फिरवले तर चालते असे मला सांगण्यात आले. तेव्हा काहीच वाटले नाही. रात्री दोनच्या सुमारास डोळ्यांत मूठभर वाळू टाकावी तसे झाले, डोळे उघडेनात आणि पाणी थांबेना. आजीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. थोडे गार वाटले, एवढाच त्यांचा उपयोग. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ पडदा उन्हाने कातडी भाजावी तसा भाजतो आणि त्याचा त्रास काही तास उलटल्यावर सुरू होतो, त्यामुळे कारण आणि परिणाम यांचा संबंध नवशिक्याच्या लक्षातच येत नाही. एक-दोन दिवसांत बहुधा बरे होते, तरी डॉक्टरांना दाखवावे. पट्टी धरणाऱ्यालाही काच हवी, हा नियम तेव्हापासून मी कोणाकडूनही ऐकून घेतलेला नाही, सांगितला मात्र शेकडो वेळा आहे.

सुरक्षेचे आणखी एक कलम पालकांना उलटे वाटते. वेल्डिंगला हातमोजे सक्तीचे आहेत आणि लेथवर, ड्रिलवर हातमोजे घालायला बंदी आहे. फिरणारा चक, म्हणजे जॉब धरणारी पकड, मोज्याचा एक धागा पकडतो आणि अख्खा हात आत ओढतो. तीच गोष्ट गळ्यातल्या रुमालाची. आपल्याकडे उन्हामुळे मुले रुमाल गळ्यात किंवा डोक्याला गुंडाळून येतात आणि त्याचे एक टोक लोंबत असते. लेथसमोर हे टोक जीवघेणे ठरू शकते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरावीक धोकादायक यंत्रांवर अल्पवयीन मुलाला धोक्यांची पूर्ण माहिती आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा देखरेख असल्याशिवाय काम करू देण्यास मनाई केली होती. गॅरेजमध्ये असे कलम कोणी वाचून दाखवत नाही.

आता गाडी. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन मोठ्या महामार्गांच्या चौफुलीवरचे शहर असल्याने तिथल्या मुलांना मेकॅनिकचे काम लहानपणापासून दिसते, आणि म्हणूनच मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला गर्दी असते. पण 'पाना फिरवणे' दिसते तितके सोपे नाही. इंजिनाच्या हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, बोल्ट घ्या. बोल्ट आवळला की तो रबरासारखा किंचित ताणला जातो आणि परत आखडू पाहतो. या ओढीनेच हेड खालच्या गॅस्केटवर, म्हणजे फट बंद करणाऱ्या पातळ पत्र्यावर, दाबून बसते. कमी आवळला तर वायू निसटतो आणि गॅस्केट जळते. जास्त आवळला तर बोल्ट त्याच्या लवचिकतेची हद्द ओलांडतो आणि मग तो परत आखडत नाही, घट्ट वाटतो पण ओढ संपलेली असते. म्हणून कंपनीने दिलेल्या मापाला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना, लावायचा, तोही दोन-तीन टप्प्यांत, आणि बोल्टचा क्रम मधून सुरू करून कडेकडे न्यायचा. भिंतीवर कागद चिकटवताना आपण मधून बाहेर हात फिरवतो, नाहीतर मध्ये फुगा राहतो; इथेही तेच आहे. उस्ताद म्हणतो, माझ्या हाताला अंदाज आहे. असतोही, वीस वर्षांनी. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाताला तो अंदाज येईपर्यंत किती लोकांची हेडे वाकडी व्हायची?

दोष शोधण्याची पद्धत हा या ट्रेडचा गाभा आहे. जानेवारीच्या कडाक्यात ट्रॅक्टर सकाळी चालू होत नाही, हे उदाहरण घेऊ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला साधारण सोळा ते वीस पट दाबतो, दाबामुळे ती इतकी तापते की डिझेल फवारताच पेटते. थंडीत सिलिंडरचा गार धातू ही उष्णता शोषून घेतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दाबलेली हवाही निसटते, म्हणजे उष्णता दोन्हीकडून कमी पडते. म्हणून तोच ट्रॅक्टर दुपारी ऊन पडल्यावर मुकाट्याने चालू होतो. बॅटरी हळू फिरवत असेल तर तिसरे कारण जोडले जाते, कारण दाबायला वेळ जास्त लागला की उष्णता आणि हवा दोन्ही निसटायला वेळ मिळतो. शिकलेला मुलगा आधी बॅटरीचा व्होल्टेज मोजतो, मग सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज लावतो आणि आकड्यावरून ठरवतो. न शिकलेला पंपापासून खोलायला सुरुवात करतो आणि शेतकऱ्याला बिल होते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम लागू झाल्यावर दुचाकीतही कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आणि सेन्सर आले, आणि 'आता सगळे स्कॅनर सांगतो' असा समज पसरला. गाडीला जोडलेला स्कॅनर दोषाचा कोड देतो, कारण देत नाही. सायलेन्सरच्या पाइपला सेन्सरच्या आधी बारीक चीर असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सर खरेच जास्त ऑक्सिजन दाखवतो आणि स्कॅनर इंधन कमी असल्याचा कोड दाखवतो. कोड पाहून सेन्सर बदलला तर हजारो रुपये जातात आणि चीर तशीच राहते. इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी रंगाच्या केबलमधून शेकडो व्होल्ट वाहतात. तिथे प्रशिक्षणाशिवाय हात घालणे म्हणजे उच्चदाबाच्या खांबावर चढणे.

पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या दहावी पास मुलाला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची वाट आहे. भुसावळला रेल्वेची कार्यशाळा आणि आयुध निर्माणी आहे, जवळच वरणगावला दुसरी आयुध निर्माणी आणि दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या भरतीलाही ठरावीक ट्रेडचे आयटीआय चालते. जळगावच्या एमआयडीसीत पाइप, ठिबक आणि चटईच्या कारखान्यांना साचे आणि यंत्रे सांभाळणारा फिटर रोज लागतो. ॲप्रेंटिसशिप केल्याशिवाय मात्र मुलाला मोकळे सोडू नये, कारण खऱ्या कारखान्याचा वेग आयटीआयमध्ये शिकवता येत नाही. गॅरेजची वाटही मी वाईट मानत नाही, फक्त ती दुसऱ्या क्रमांकावर असावी असे माझे मत आहे : आधी माप, मग वेग. उलट क्रमाने शिकलेल्या माणसाला पुढे माप शिकवणे फार कठीण जाते, कारण मापाशिवायही आपले चालते हे त्याने अनुभवलेले असते.

सर्व आयटीआय सारखे नसतात हेही खरे आहे. काही ठिकाणी यंत्रांवर ताडपत्री असते, वेल्डिंगचे रॉड संपलेले असतात आणि मुले वहीत ड्रॉइंग उतरवून घरी जातात. म्हणून अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन एकदा शेडमध्ये जाऊन या. इमारत आणि फलक पाहू नका. लेथच्या खाली वाकून पाहा, तिथे ताजा, चमकणारा लोखंडाचा कीस पडलेला आहे की जुना गंजलेला. कानशींना मुठी आहेत का ते पाहा. मग दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला त्याने केलेला जॉब दाखवायला सांगा आणि विचारा, "भाऊ, यात चूक किती आहे?" तो "एकदम बरोबर आहे, काका," म्हणाला तर दुसरी जागा शोधा. त्याने खिशातून व्हर्नियर काढला, तुकडा मोजला आणि "या बाजूला सहा शतांश जास्त आहे, पण चालतं," असे सांगितले, तर तिथला अर्ज घ्या.